आजोबांच्या डब्यातली नाणी, तिकिटं आणि अर्धवट गॅझेटियर: पुढचं ऑनलाइन घ्यावं का?

परळकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मे महिन्यात सासरची परळची खोली रिकामी केली, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, तेव्हा पोटमाळ्यावर माझ्या सासऱ्यांचा एक पत्र्याचा चौकोनी डबा सापडला. ते मिलमध्ये होते, बोलायचे कमी, आणि असलं काही जमवतात हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. आत फडक्यात बांधलेली तीसेक नाणी, एक तिकिटांचा अल्बम आणि मुंबईवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक. माझी लेक सहावीत आहे, तिने तो डबा उघडल्यापासून मोबाइल मागितलेला नाही. रोज शाळेतून आली की आजोबांचा डबा. त्यामुळे हा नाद तिला नीट लावून द्यावा असं मनापासून वाटतंय.

डब्यात काय आहे ते सांगते. चांदीचे तीन रुपये आहेत, १९१९, १९४४ आणि १९४७ चे. भोकाचे पैसे आहेत चार-पाच. एक तांब्याचं जाड नाणं आहे त्यावर मराठीत दोन पैसे आणि १९४८ असं लिहिलंय पण भारत सरकार वगैरे काही नाही, त्याऐवजी तलवार आहे, ते काय प्रकरण आहे कळत नाही. अल्बममध्ये झेंड्याचं जय हिंदवालं तिकीट आहे, पण त्यावर तपकिरी ठिपके पडलेत. पुस्तक गॅझेटियर ऑफ बॉम्बे सिटी अँड आयलंड, म्हणजे मुंबईचा सरकारी माहितीग्रंथ, त्याचा भाग २ आहे, एका पानावर १९०९ आहे आणि मागच्या बाजूला १९७८.

आता अडचण अशी की लेकीला पुढचं जमवायचंय आणि मी ऑनलाइन शोधायला बसले तर डोकं गरगरायला लागलं. शिवाजी महाराजांचा होन २,५०० रुपये. राम-सीता-हनुमान असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं नाणं ४०,०००. पाचशे तिकिटं ३९९ ला. गॅझेटियरचे भाग १ आणि ३ एकाकडे 'रेअर' म्हणून भरमसाट किमतीला आणि दुसरीकडे सातशे रुपयांत नवंकोरं. खरं काय धरायचं? शिवाय मी कुठेतरी चौकशीसाठी नंबर टाकला आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपला मेसेज, तुमच्याकडे वैष्णोदेवीचं ५ चं नाणं असेल तर आम्ही लाखो रुपये देऊ, आधी रजिस्ट्रेशन करा.

महिन्याला हजार-बाराशे खर्च करायची तयारी आहे, त्याहून जास्त नाही. विकायचं काहीच नाही. आणि नाणी काळी पडलीत ती चिंच-मीठ लावून घासून काढू का, की काही वेगळं?

बंदा रुपया

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते तातडीचं आहे: घासू नका. चिंच नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट नाही, भांड्यांची पावडर तर नाहीच. तांब्यावरचा तो काळपट-तपकिरी थर पन्नास-शंभर वर्षांत बसलेला असतो आणि तोच त्या नाण्याला सांभाळतो. एकदा घासलं की नाणं गुलाबी आणि बोडकं होतं, अक्षरांच्या कडा गुळगुळीत होतात आणि कुठलाही जाणकार ते हातात घेतल्याघेतल्या खाली ठेवतो. मी कॉलेजात असताना आजीकडची नऊ नाणी अशी चकचकीत केली होती, आज तीस वर्षं झाली, त्यांची तकाकी परत आलेली नाही. माती असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, मऊ फडक्याने दाबून टिपा, संपलं.

आता तुमचं तलवारवालं नाणं. ते स्वातंत्र्यानंतरचं नाही हो. ते बडोद्याचं आहे, सयाजीराव गायकवाडांचं. १९४८ हा विक्रम संवत आहे, इसवी सन नाही. संवतातून ५७ वजा करा, १८९१ येतं. भिंग घ्या आणि आकड्याच्या आसपास बघा, झिजलं नसेल तर 'संवत' असं लिहिलेलं दिसेल. दुसऱ्या बाजूला गायकवाडांचं नाव आणि 'सेना खास खेल समशेर बहादूर' ही त्यांची पदवी गोल फिरवून लिहिलेली असते, तलवारीबरोबर घोड्याचा खूर असतो. परळच्या पोटमाळ्यावर हे कसं आलं असेल याचा विचार करा, बडोदा संस्थानाचं नाणं कोणाच्या तरी कनवटीला लागून गाडीने मुंबईला आलं असणार. हे नाणं फार महाग नाही, काही शेकड्यांत मिळतं, पण तुमच्या लेकीने नाणं वाचायला शिकायचं तर याच्याहून चांगला धडा नाही. ऑनलाइन विकणारे अर्धेअधिक लोक हाच घोळ घालतात, संवत, शके, हिजरी सगळं इसवी सन समजून लिहितात आणि खरेदी करणारा फसतो, कधीकधी विकणाराही.

तीन रुपयांचं सांगतो, एक लोहचुंबक आणा, फ्रिजला लावतात तो चालेल. १९४७ चा चिकटेल. घाबरू नका, तो खोटा नाही, त्या वर्षीचा रुपया निकेलचा होता, चांदी संपवली होती सरकारने. १९१९ चा चिकटणार नाही, तो ११.६६ ग्रॅम म्हणजे बरोबर एक तोळा आणि त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. १९४४ चा मधला, महायुद्धामुळे चांदी निम्म्यावर आणलेली. म्हणजे आजोबांच्या डब्यातल्या तीन रुपयांत ब्रिटिशांचा खजिना कसा रिकामा होत गेला ते लेकीला हातात धरून दाखवता येईल. १९१९ च्या रुपयावर राजाच्या झग्यावर भिंगातून एक चिमुकला हत्ती शोधायला सांगा. १९११ साली पहिल्यांदा हे नाणं आलं तेव्हा तो हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून केवढी ओरड झाली होती आणि पुढच्याच वर्षी सोंड-पाय नीट करून नवा छाप काढला. नाणीवाले आजही १९११ च्याला पिग रुपीच म्हणतात.

होन. ताई, सोन्याचा होन २,५०० ला कसा मिळेल, तेवढ्यात एक ग्रॅम सोनंसुद्धा येत नाही. महाराजांचे अस्सल होन अत्यंत दुर्मिळ आहेत, हाताच्या बोटांवर मोजावेत अशातले, आणि तिथे जे विकतायत ते पितळेवर सोन्याचं पाणी दिलेले शो-पीस आहेत. शो-पीस म्हणून घ्यायला माझी हरकत नाही, 'शिवकालीन' म्हणून विकतात त्याची चीड येते. पण शिवराई घ्या ना. तांब्याची, एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति. ही महाराजांच्या नंतरही पेशवाई संपेपर्यंत आणि त्यानंतरही चालत राहिली, म्हणून भरपूर मिळते. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असल्या की तिला दुदांडी म्हणतात, ती पेशवेकाळातली, दोन-तीनशे रुपयांत चांगली येते. प्रत्येकीवर शुद्धलेखन वेगळं, शिव, शीव, सिव, कारण ठसे गावोगावच्या टांकसाळीत वेगवेगळ्या कारागिरांनी कोरलेले. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा त्यामुळे पूर्ण अक्षरं एका नाण्यावर जवळपास कधीच मिळत नाहीत. एखाद्याने फोटोत सगळी अक्षरं मधोमध गोल गरगरीत बसलेली शिवराई दाखवली तर माझा हात आपोआप मागे येतो.

राम-सीतेचं कंपनीचं नाणं तर पूर्णच बनावट. कंपनीने असं नाणं कधी काढलंच नव्हतं. देवळातली टोकनं असायची, त्यांच्यावर कंपनीचं नाव आणि १६१६, १८१८ असे आकडे टाकून हा धंदा चालतो. त्यात आणखी नाणं चमत्कारी आहे, तांदूळ ओढून घेतं वगैरे सांगणारे भेटले तर फोन ठेवून द्यायचा.

आणि जुनं म्हणजे महाग हे डोक्यातून काढाच. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी एका ठिकाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा वरून मारलेला, म्हणजे जिंकल्याची पावतीच. दोन हजार वर्षांचं असूनही असं नाणं काही हजारांत मिळू शकतं, आणि शंभर वर्षांपूर्वीचा एखादा रुपया लाखात जातो. सगळा खेळ किती शिल्लक आहेत आणि कोणत्या अवस्थेत, याचा.

घेताना दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो मागा. कडेचा कोणी मागत नाही आणि तिथेच पकडलं जातं. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेला जोडाची बारीक रेघ असते, ती कानसीने घासलेली दिसते. वजन विचारा, काट्यावर ठेवून फोटो पाठव म्हणावं. खरा विक्रेता चिडत नाही, उलट खूश होतो की समोरचा बघून घेणारा आहे. हजाराच्या आतल्या खरेदीने सुरुवात करा आणि बिल घ्याच. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू धरली जातात, ती परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत, विकणाऱ्या व्यापाऱ्याला लायसन्स लागतं, तेव्हा उद्या कोणी दुबईला कुरिअर करा म्हणालं तर साफ नाही म्हणा.

कल्याण स्लो

वैष्णोदेवीच्या नाण्याबद्दल एवढंच सांगते, आमच्या शेजारच्या काकू यात गेल्या. २०१२ चं नाणं आहे ते, चलनातलं, किराणावाल्याकडे सुद्धा सुट्ट्यात येतं. यांना फोनवर सांगितलं अकरा लाख मंजूर झालेत, आधी नोंदणीचे १,१५०, मग जीएसटी, मग 'आरबीआयची एनओसी', असं करत करत ३४,००० गेले. मुलाला सांगायची लाज वाटली म्हणून कोणाला बोलल्या नाहीत, तेवढ्यात उरलेले पण गेले. आरबीआयने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आमचा काही संबंध नाही, आम्ही कसलंही कमिशन मागत नाही आणि कोणाला मागायचा अधिकारही दिलेला नाही.

पैसे *मिळायला* यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. आणि गेलेच तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. काकूंनी चार दिवस घालवले.

परळकरीण ताई, तो नंबर ब्लॉक केलात ना? लेकीच्या हातात फोन असतो तर तिलाही सांगून ठेवा.

टपालवेडा

बंदा रुपयांनी नाण्यांचं छान सांगितलंय, मी तिकिटांपुरतं बोलतो.

तुमच्या सासऱ्यांचं झेंड्याचं तिकीट म्हणजे स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७, साडेतीन आण्यांचं. वापरलेलं फार महाग नसतं पण प्रत्येक संग्रहाची सुरुवात तिथून होते आणि तुमच्याकडे ते घरच्या माणसाने लावलेलं आहे, हे ऑनलाइन कुठेच मिळणार नाही. तपकिरी ठिपके म्हणजे तांबेरा, मुंबईच्या दमट हवेचा प्रसाद. तो जात नाही पण पसरतो, म्हणून ते पान बाकीच्या पानांपासून लगेच वेगळं करा. तिकीट ओढून काढू नका. अल्बम लोखंडी कपाटात तळाला नको, भिंतीला टेकून नको, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि उभा ठेवा, आडवे रचून ठेवले की वजनाने गोंद चिकटतो. जुलै-ऑगस्टमध्ये मी माझे अल्बम उघडतसुद्धा नाही, हवा आत शिरते. दिवाळीनंतर कोरडी हवा आली की एकेक पान उलटून वारा दाखवायचा. हाताने तिकीट धरायचं नाही, चिमटा घ्या, शंभर-दीडशेत येतो, टोकं चपटी असलेला.

पाचशे तिकिटं ३९९ ला हे मुलांसाठी वाईट नाही, फक्त काय मिळणार ते माहीत असू द्या. त्यात बरीचशी कॅन्सल टू ऑर्डर असतात, म्हणजे पत्राला कधी लागलीच नाहीत, छापखान्यातून शिक्का मारून थेट संग्राहकांना विकलेली, मागे गोंद तसाच. किंमत शून्य, पण मुलीला देश ओळखायला, नकाशात शोधायला मजा येते. मी त्यापेक्षा कागदासकट विकतात ती घेईन. लिफाफ्याचा तुकडा कोमट पाण्यात टाकायचा, दहा-पंधरा मिनिटांत तिकीट अलगद सुटून तरंगतं, मग वर्तमानपत्रावर नको, शाई लागते, टिपकागदावर उपडं वाळवायचं. ते सुटण्याचा क्षण बघायला माझा मुलगा वाटीशेजारून हलायचा नाही. गडद लाल-जांभळ्या कागदावरची तिकिटं वेगळ्या वाटीत, रंग सुटतो.

नवीन तिकिटं मात्र ऑनलाइन विक्रेत्यांकडून चढ्या भावाने घेऊ नका. पोस्टाकडूनच दर्शनी किमतीला मिळतात, ५ रुपयांचं तिकीट ५ रुपयांना. आपल्या जीपीओत, म्हणजे मुंबईच्या मुख्य पोस्टात, तिकिटं जमवणाऱ्यांसाठी फिलाटेलिक ब्युरो आहे, सीएसएमटीला उतरून चालत पाच मिनिटं. तिथे २०० रुपये भरून डिपॉझिट अकाउंट उघडता येतं, मग नवीन तिकिटं, फर्स्ट डे कव्हरं (तिकीट निघालं त्या पहिल्या दिवसाचा शिक्का असलेले लिफाफे) घरी येतात. लेकीच्या नावाने पाकीट येऊ दे, बघा काय होतं. आणि न्या तिला तिथे एकदा, त्या घुमटाखाली उभी करा. १९१३ ची इमारत, विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेली, आपण रोज बाजूने लोकल पकडायला पळतो आणि वर बघत नाही.

मागची जमवायची तर मी १९४९ ची पुरातत्त्व मालिका सुचवेन. १५ ऑगस्ट १९४९ ला आली, कमी किमतीची तिकिटं वापरलेली असली तर दहा-वीस रुपयांत मिळतात. ९ पैचं घ्या, त्यावर आपली घारापुरीची त्रिमूर्ती आहे. मग रविवारी गेटवेहून लाँच पकडून ती खरी बघून या, तिकीट बरोबर न्या. १ आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाचं चित्र उलटं छापलं गेलं होतं, डावा हात पुढे. चूक लक्षात आल्यावर १९५० मध्ये उजवा हात करून परत छापलं. दोन्ही शेजारी लावली की कोणालाही दाखवावंसं वाटतं, आणि दोन्ही स्वस्त आहेत. १९६१ चं १५ नव्या पैशांचं शिवाजी महाराजांचं तिकीट पण याच खर्चात बसेल.

ऑनलाइन कुठे सांभाळायचं तर १९४८ चं गांधीजींचं १० रुपयांचं. 'बापू' असं हिंदी-उर्दूत लिहिलेलं, स्वित्झर्लंडला छापलेलं, कोरं असेल तर हजारांत जातं आणि म्हणून नकला भरपूर. खऱ्याची छपाई फोटोग्राव्ह्युअरची आहे, भिंगाखाली रंग मऊ सलग दिसतो. नकलेत निळे-गुलाबी-पिवळे ठिपके सुटे सुटे दिसतात, मासिकातल्या फोटोसारखे. हे तिकीट ज्या मालिकेतलं, तिच्यावर 'सर्व्हिस' छापलेला संच फक्त गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी होता, शंभरच संच. तो तुम्हाला वेबसाइटवर चार हजारांत दिसला तर पान बंद करा. असं तिकीट घेणारे तज्ज्ञांचं सर्टिफिकेट बघितल्याशिवाय बोलत सुद्धा नाहीत.

एक दुःख आहे ते पण सांगून टाकतो. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट बंद होऊन स्पीड पोस्टात मिसळलं. आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांना तिकिटं रजिस्टरनेच पाठवायचो, त्या लिफाफ्यावरचं आरचं लेबलसुद्धा जपून ठेवायचो. आता शेवटच्या दिवसाचे शिक्के असलेले लिफाफे विकायला आलेत. तुमच्या डब्यात एखादं जुनं रजिस्टर पाकीट असेल तर त्यावरचं तिकीट कापू नका, पाकीट तसंच्या तसं ठेवा. कापलेल्या तिकिटापेक्षा पूर्ण पाकीट नेहमी जास्त बोलतं, कुठून निघालं, कुठे थांबलं, किती दिवसांनी पोचलं, सगळं शिक्क्यांत असतं.

जुनी पानं

गॅझेटियरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी.

परळकरीण, तुमची प्रत मूळ १९०९ ची नाही, राज्य सरकारच्या गॅझेटियर विभागाने १९७७-७८ ला जशीच्या तशी पुन्हा छापली त्यातली आहे. वाईट वाटून घेऊ नका, वाचायला तीच उत्तम, कागद मूळ प्रतीपेक्षा धड असतो. मूळ तीन भाग १९०९-१० चे. ऑनलाइन 'रेअर, १९०९' लिहून विकतात त्यातल्या बऱ्याच या सरकारी पुनर्मुद्रणाच्याच निघतात, विक्रेता फक्त पुढच्या पानाचा फोटो टाकतो. नेहमी शीर्षकपानाच्या मागच्या पानाचा फोटो मागायचा. तुम्ही स्वतःच मागचं १९७८ बघितलंत, म्हणजे तुमची नजर चांगली आहे.

आणि ते सातशेचं नवंकोरं, ते घेऊ नका. इंटरनेटवरची फुकट स्कॅन उतरवून, मागणी आली की एक प्रत छापून चिकटवून पाठवतात. मी अशी एक मागवली होती, ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरची. नकाशाच्या पानावर आलो तर नकाशाच नाही, घडी घातलेल्या नकाशाची *घडीच* स्कॅन झालेली. पांढरा चौकोन आणि वर एक कोपरा, त्यात खाडीचा बोटभर तुकडा. दोन ठिकाणी स्कॅन करणाऱ्याचं बोट छापलं होतं. साडेआठशे रुपये. परत घेत नाहीत कारण 'तुमच्यासाठीच छापलंय'. ज्याच्या किमतीत नकाशे नाहीत ते गॅझेटियर कशाला घ्यायचं? म्हणून ऑर्डर करायच्या आधी सरळ विचारा, घडीचे नकाशे आहेत का, उघडून फोटो पाठवा. जुन्या प्रतीतही तेच विचारायचं, तिथे नकाशे कोणीतरी फ्रेम करायला फाडून नेलेले असतात.

पैसे घालवण्याआधी चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात चक्कर मारा. स्टेशनजवळच आहे. सरकारी प्रकाशनं तिथे छापील किमतीला मिळतात, कधी काय शिल्लक असेल त्याचा नेम नाही पण मी तिथून काही पुस्तकं इतक्या कमी पैशांत उचललीत की ऑनलाइन भाव बघून हसायला येतं. नाहीतर फ्लोरा फाउंटनचे पुस्तकवाले. त्यांना भाग नंबर सांगून ठेवा, महिन्याने आठवणीने काढून ठेवतात. तिथे पुस्तक हातात घेऊन नाकाशी धरता येतं, ओल आहे की कसर लागलीय ते वासावर कळतं, फोटोतून वास येत नाही.

मराठी जुन्या पुस्तकांत शकाचा घोळ असतो, बंदा रुपयांनी संवताचं सांगितलं तसाच. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा म्हणजे शके १८२०. मी ऑनलाइन एका ठिकाणी '१८२० सालचं दुर्मिळ पुस्तक' म्हणून बघितलं, खाली बेधडक दोनशे वर्षांपूर्वीचं लिहिलेलं. शकात ७८ मिळवायचे, एवढं लेकीला शिकवून ठेवा, आयुष्यभर कामाला येईल. लेखक जाऊन ६० वर्षं उलटली की आपल्याकडे कॉपीराइट संपतो, त्यामुळे राजवाडे वगैरे मंडळींचं बहुतेक सगळं नेटवर कायदेशीर मोफत वाचता येतं. आधी तिथे चाळा, खरंच घरात हवं असं वाटलं तरच घ्या. गोविंद नारायण माडगांवकरांचं १८६३ चं 'मुंबईचे वर्णन' तसंच, मूळ प्रत आपल्या कोणाच्या हाती लागायची नाही, पुनर्मुद्रण मिळालं तर मात्र सोडू नका. मुंबईवर मराठीत लिहिलेलं ते पहिलं पुस्तक, आणि परळमध्ये संसार केलेल्या माणसाच्या नातीने ते वाचावं असं मला फार वाटतं.

परळकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. मला वाटलं होतं दोन ओळींत कोणीतरी वेबसाइटचं नाव देईल, तुम्ही तर दार उघडून दिलंत. नंबर ब्लॉक केला, कल्याण स्लो.

काल संध्याकाळी आम्ही दोघी भिंग आणि फ्रिजवरचं चुंबक घेऊन बसलो. १९४७ चा रुपया टक् करून चिकटला, ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारचे विचारायला आले. मग बडोद्याचं. मी पंधरा मिनिटं बघत होते मला काही दिसेना, तिने नाणं खिडकीपाशी तिरकं धरलं, बाजूने उजेड आला तसं आकड्याच्या वर 'सं' दिसला, पुढचं झिजलंय. तिने वहीत लिहून ठेवलंय १९४८ वजा ५७. हत्ती पण सापडला, त्याला तिने डुक्कर म्हणायला साफ नकार दिला.

आज शाळेला सुट्टी होती म्हणून हाफ डे टाकून जीपीओत गेलो. अकाउंट तिच्या नावाने उघडलं. घुमटाखाली वर बघत उभी राहिली आणि विचारलं की आजोबा इथे यायचे का. मला माहीत नाही हो. पण घरी येऊन अल्बमची मागची पानं बघितली तर पाचसहा तिकिटांचे चार-चारचे कोरे ठोकळे आहेत, कडेच्या पांढऱ्या पट्टीसकट. असे तर कोणी पत्रावरून काढत नाही ना, खिडकीवरूनच घेतलेले असणार? टपालवेडा, तुम्ही सांगा.

होन, रामसीता सगळं यादीतून काढलं. पहिली ऑनलाइन खरेदी एकच केली, दुदांडी शिवराई, २६० रुपये, कडेचा आणि वजनकाट्याचा फोटो मागितला तर त्या माणसाने लगेच पाठवला आणि वर एक घारापुरीचं ९ पैचं तिकीट लेकीसाठी तसंच टाकतो म्हणाला. चर्नी रोडला पुढच्या आठवड्यात जाईन, भाग १ मिळाला तर इथे कळवते.

बोधिसत्त्व आमच्या अल्बममध्ये एक आहे, हात बघितला, उजवा आहे, म्हणजे १९५० चा. डाव्या हाताचा कोणाकडे जास्तीचा असेल तर सांगाल का? बदल्यात आमच्याकडे भोकाचे पैसे आहेत, दोन १९४३ चे एकसारखे आहेत, त्यातला एक द्यायला ती तयार झालीय.